‘एवढंसं तर ॲप आहे’: सॉफ्टवेअरच्या कामाचं कोटेशन कसं काढायचं

मुंबईत सॉफ्टवेअरचा छोटा धंदा करणाऱ्याला हा प्रश्न उभ्या उभ्याच विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, दादरच्या पुलावर. "एक ॲप बनवायचंय, साधारण किती लागतील?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. चुकतो आपण, कारण आपण तिथल्या तिथे आकडा सांगतो.

माझं पहिलं कोटेशन असंच निघालं. एका क्लासवाल्यांना फीचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर हवं होतं. ठाण्याला गाडी पकडल्यावर त्यांनी काम समजावलं आणि घाटकोपर यायच्या आत मी "चाळीस हजार" म्हणून मोकळा झालो. काम पाच महिने चाललं. हप्त्याने फी भरणारी मुलं, मध्येच बॅच बदलणारी मुलं, भावंडांची सवलत, चेक परत आला तर दंड, यातलं एकही गाडीत निघालं नव्हतं. क्लासवाल्यांनी काही लपवलं होतं असं नाही. त्यांच्या लेखी हे सगळं ‘फीचा हिशोब’ या दोन शब्दांत आलेलंच होतं.

तेव्हापासून मी कोटेशन काढायची एक रीत बसवली आहे. ती इथे एकाच उदाहरणावर शेवटपर्यंत चालवून दाखवतो. समजा लालबागच्या मिरची गल्लीत एक मसाल्याचं दुकान आहे. दुकान काल्पनिक, पण असं गिऱ्हाईक तुम्हाला कधीही भेटेल. काकी दुकान सांभाळतात. त्यांना ॲप हवं आहे: लोकांनी घरबसल्या मसाला मागवावा, हवं तर मिरचीचं प्रमाण स्वतः ठरवावं, आणि ज्यांना समोर उभं राहून कुटून घ्यायचा आहे त्यांनी डंकाची, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्राची, वेळ आधीच धरावी. आकडे सगळे नमुन्याचे आहेत आणि हिशोब सोपा जावा म्हणून गोल घेतले आहेत. तुमचे तुम्ही घाला.

आधी तीन आकड्यांची फारकत

काम करायला आपल्याला किती दिवस लागतील, हा अंदाज. त्याचे आपण किती पैसे मागू, तो भाव. आणि कधी देऊ म्हणून सांगतो, तो शब्द. हे तीन आकडे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कागदावर निघायला हवेत. आपल्याकडे होतं काय, तर गिऱ्हाईकाच्या तोंडून बजेट निघतं, आपण मनातल्या मनात तो आकडा रोजच्या भावाने भागतो आणि येईल त्या उत्तराला अंदाज म्हणतो. तसं केलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या निव्वळ दाखवायच्या राहतात. भाव पडेल तो पाडा, तो तुमचा धंदा आहे. पण पाडलेल्या भावाला बसावेत म्हणून अंदाजातले दिवस खोडू नका.

पहिल्या भेटीत एकच आकडा सांगायचा नाही

अमेरिकन संशोधक बॅरी बोएम यांनी १९८१ साली मांडलेली एक आकृती या धंद्यात प्रसिद्ध आहे. काम नुसत्या कल्पनेच्या पातळीवर असताना केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट निघू शकतो, तसाच पाव पटही निघू शकतो. गरजा नक्की होत जातात, ॲपच्या पडद्यांची (स्क्रीनची) रचना ठरते, तशी ही तफावत आक्रसत जाते. म्हणजे पंगतीत सांगितलेल्या ‘दोन लाखां’चे खरे आठ लाखही होऊ शकतात.

म्हणून काकींना पहिल्या दिवशी सांगायचं ते असं: "काकी, अशी कामं चार लाखांपासून नऊ लाखांपर्यंत जातात. तुमचं नक्की कुठे बसतं ते सांगायला मला चार दिवस दुकानात येऊन बसावं लागेल. त्या चार दिवसांचे तीस हजार. काम मला दिलंत तर ते बिलातून वजा करीन. नाही दिलंत तरी मी लिहिलेला कागद तुमचा, तो घेऊन कोणाकडेही जा."

अभ्यासाची फी मागायला सुरुवातीला जीभ अडखळते. मलाही दोन वर्षं लागली. पण फायदा दोघांचाही असतो, आणि तीस हजार द्यायला तयार नसलेलं गिऱ्हाईक पुढे सहा लाख देताना काय करेल, हे आपल्याला चार महिने आधीच कळतं.

दुकानात जाऊन बसा

खरा अंदाज इथे निघतो. लॅपटॉप मिटून ठेवा आणि वही घेऊन गल्ल्याशेजारी बसा.

पहिल्याच तासात लक्षात येतं की ‘एक किलो मालवणी मसाला’ ही सरळ वस्तू नाही. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, पांडी, काश्मिरी मिरची वेगवेगळ्या वजनाने घ्यायची, धणे, दगडफूल, तमालपत्र, खसखस, हळकुंड त्यात घालायचं, भाजायचं आणि डंकावर कुटायचं. मिरची वाळली, भाजली, कुटली की वजन घटतं. मग कुटणावळ कुठल्या वजनावर लावायची, आधीच्या की नंतरच्या? आणि ॲपवर गिऱ्हाईकाने ‘एक किलो’ दाबलं तर त्याच्या हातात किलोभर मसाला पडणार की किलोभर कच्च्या मालाचा मसाला? काकी याचं उत्तर झटकन देतात, कारण त्यांच्यासाठी तो प्रश्नच नाही. पण हे उत्तर आधी मिळालं नाही, तर ‘प्रमाण निवडा’ हा पडदा आपण दोनदा बांधतो.

असेच प्रश्न निघत राहतात. मिरचीचा भाव रोज बदलतो. सकाळी भरलेल्या ऑर्डरचे पैसे संध्याकाळच्या भावाने घ्यायचे का? डंकावर आधी तिखट नसलेला मसाला कुटला तर चालतं, पण लवंगीनंतर लगेच हळद कुटता येत नाही. मग वेळ धरताना ॲपने क्रम पाहायचा का? कुटलेला मसाला परत घेता? गिऱ्हाईक वेळ धरून आलंच नाही तर? वीज गेली तर पुढच्या सगळ्यांच्या वेळा कोण सरकवणार आणि त्यांना कळवणार कोण?

विचारायची एक युक्ती सांगतो. "तुम्हाला काय काय हवंय?" असं विचारलं की लोक दुसऱ्या ॲपमधलं पाहिलेलं सांगतात. त्याऐवजी "मागच्या मे महिन्यात सगळ्यात जास्त गोंधळ कधी झाला होता?" असं विचारा. बेगमीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगता सांगता काकी तुम्हाला निम्मी कामं मोजून देतील. गल्ल्यावरच्या मुलाला वेगळं विचारा. मालकाला नियम माहीत असतात आणि मुलाला त्यातले अपवाद. आणि आपले दिवस खातात ते अपवादच.

एक खास आपल्याकडची अडचण जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीत दडलेली असते. यादी एक्सेलमध्ये आहे म्हणतात, आपण एक दिवस धरतो. उघडून पाहावं तर नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणाऱ्या आजच्या टायपिंगच्या, आधीची. फॉन्ट काढला की सगळी अगम्य चिन्हं. ती युनिकोडमध्ये आणायची, जोडाक्षरं तपासायची, एकाच घरातल्या तीन नोंदी एक करायच्या. म्हणून जुनी माहिती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचे दिवस लिहू नका. शोधाचंही तेच: काकी ‘ब्याडगी’ लिहितात, गिऱ्हाईक ‘बेडगी’ शोधतं, आणि तिसरा इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. तिघांनाही तीच मिरची दिसायला हवी असेल तर ते वेगळं काम आहे.

कामाचे तुकडे आणि प्रत्येकाचे तीन आकडे

वहीतल्या नोंदींवरून कामाचे तुकडे पाडा. दहा दिवसांहून मोठा तुकडा असेल तर तो आपल्याला अजून समजलेला नाही असं समजून आणखी फोडा. अर्ध्या दिवसापेक्षा बारीक पाडण्यात अर्थ नाही.

प्रत्येक तुकड्यापुढे तीन आकडे लिहायचे: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमीसारखं झालं तर किती, आणि सगळंच आडवं आलं तर किती. ही रीत १९५८ साली अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या कामात वापरात आली. सूत्र सोपं आहे: मधल्या आकड्याची चौपट, त्यात दोन्ही टोकं मिळवायची, आणि सहाने भागायचं. काकींच्या ॲपचं असं निघेल:

- मसाल्यांची यादी, भाव, फोटो: ३, ४, ५. सरासरी ४ दिवस.
- प्रमाण स्वतः निवडणं: ४, ७, १६. सरासरी ८.
- ओटीपीने लॉगिन: १, २, ६. सरासरी अडीच.
- पैसे भरणं आणि परतावा: २, ४, ९. सरासरी साडेचार.
- डंकाची वेळ धरणं: ३, ५, १०. सरासरी साडेपाच.
- कुरिअर, वजनाप्रमाणे दर: २, ४, १२. सरासरी ५.
- दुकानाचं ॲडमिन पॅनल (दुकानदाराने आतून ॲप सांभाळायची जागा): ५, ८, १४. सरासरी साडेआठ.
- टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हिशोब पाठवणं: १, ३, ११. सरासरी ४.
- जुनी यादी आणणं: १, २, ९. सरासरी ३.

आता गंमत बघा. मधल्या आकड्यांची बेरीज ३९ येते. आपण एरवी हाच आकडा सांगितला असता. सरासरीची बेरीज ४५ येते. हे वरचे सहा दिवस कुठून आले? कामं लवकर संपून संपून किती लवकर संपणार, एखादा दिवस वाचेल. पण लांबली की आठवडाच खातात.

याच आकड्यांतून हाताशी किती दिवस राखायचे तेही निघतं. प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांतला फरक सहाने भागा आणि त्याचा वर्ग करा. सगळे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा. इथे वर्गांची बेरीज साधारण १७ येते, वर्गमूळ ४ च्या किंचित पुढे. म्हणून ४५ अधिक ४, असे ४९ दिवस धरू. हा हिशोब तुकडे एकमेकांवर अवलंबून नाहीत असं गृहीत धरतो, आणि तिथे तो लंगडा पडतो. काकी उत्तरं द्यायला उशीर करतात तेव्हा एक तुकडा लांबत नाही, नऊच्या नऊ लांबतात. त्यावर उपाय सूत्रात सापडणार नाही, तो कोटेशनच्या अटींत लिहावा लागतो, तिकडे येतोच.

आयबीएममधल्या ॲलन आल्ब्रेक्ट यांनी १९७९ साली सॉफ्टवेअरचा आकार मोजणारी फंक्शन पॉइंटची पद्धत मांडली, बोएम यांचं आकारावरून मेहनत काढणारं कोकोमो हे गणित १९८१ चं. मोठ्या निविदांत यांचा उपयोग आहे. तीन माणसांच्या धंद्याला त्यांचा व्याप पेलत नाही, आणि त्यांनाही शेवटी तुमच्या जुन्या कामांची नोंद लागतेच.

दोन माणसं असाल तर दोघांनी आकडे वेगवेगळे लिहावेत आणि मग एकत्र उघडावेत. एकाने कुरिअरला तीन आणि दुसऱ्याने अकरा लिहिले असतील, तर मधला सात घ्यायचा नाही. अकरावाल्याला विचारायचं, "तुला काय दिसलं जे मला दिसलं नाही?" त्याच्या उत्तरात बहुतेक वेळा एक नवा तुकडा निघतो.

कोडच्या बाहेरचे दिवस

वरचे ४९ दिवस नुसते कोड लिहिण्याचे. पडद्यांची रचना ६, तपासणी आणि सुधारणा १२, सर्व्हरवर चढवणं आणि प्ले स्टोअरचे सोपस्कार ३, दुकानातल्या माणसांना शिकवणं २. झाले ७२. फोन, भेटी, "जरा येऊन दाखवता का?", याचे ८. एकूण ८० दिवस.

घासाघीस सुरू झाली की पहिला हात तपासणीवर पडतो, कारण ती दिसत नाही. तो पडू देऊ नका. तपासणी कापली तरी ती होतेच, फक्त आपल्या टेबलाऐवजी काकींच्या गिऱ्हाइकांसमोर होते, तीही एप्रिलमधल्या रविवारी.

"आता एआय लिहून देतं ना सगळं, मग एवढे दिवस कशाला?" हेही हल्ली ऐकावं लागतं. खरं आहे, यादी आणि ॲडमिन पॅनलचे दिवस त्याने घटतात, मी स्वतः वापरतो. पण लवंगीनंतर हळद कुटायची नाही हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते ज्याला माहीत आहे तो माणूस गल्ल्यावर बसलेला आहे. विचारण्याचे, तपासण्याचे आणि समजावण्याचे दिवस घटलेले मला तरी दिसले नाहीत.

एका दिवसाचा भाव

सगळ्यात जास्त नुकसान मी इथे पाहिलं आहे. कोड लिहिणाऱ्याला महिन्याला साठ हजार देतो, भागिले तीस, म्हणजे दोन हजार रोज. त्यावर थोडा नफा, म्हणून अडीच हजार सांगू. असा हिशोब करणारी माणसं वर्षभर राबतात आणि मार्चअखेरीस सीएसमोर बसून पैसे कुठे गेले ते शोधतात.

नीट मांडू. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवार १०४ गेले, उरले २६१. सणवार, २६ जानेवारी, १ मे वगैरे मिळून १३ सुट्ट्या धरा, उरले २४८. रजा आणि आजारपण १८, उरले २३०. या २३० पैकी गिऱ्हाइकाच्या बिलावर चढतात ते साधारण १६०. उरलेले ७० जातात न मिळालेल्या कामांची कोटेशनं करण्यात, दोन कामांमधल्या रिकाम्या वेळात, नवीन काही शिकण्यात आणि जुलैत रुळांवर पाणी भरलं म्हणून वाया गेलेल्या दिवसांत.

आता खर्च. पगार वर्षाचा ७,२०,०००. दिवाळीचा एक पगार, ६०,०००. जागेचं भाडं, वीज, इंटरनेट, लॅपटॉपची झीज, सीए, चहा, यातला त्या माणसाच्या वाट्याचा महिना १५,००० धरला तर वर्षाचे १,८०,०००. एकूण ९,६०,०००. भागिले १६०, म्हणजे ६,००० रुपये रोज. यात तुमचा नफा शून्य आहे. जोखीम आणि नफा मिळून २५ टक्के चढवले की ७,५००.

घरूनच एकटे काम करत असाल तरी हाच हिशोब करा. स्वतःला पगार लावा आणि घरातल्या त्या टेबलाचं भाडंही लावा. डोंबिवलीच्या वन-बीएचकेमधला कोपरा फुकट नसतो. तो घरातल्या कोणाकडून तरी काढून घेतलेला असतो.

तर काकींचं काम: ८० गुणिले ७,५००, म्हणजे ६,००,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८,०००. एकूण ७,०८,०००. जीएसटीचा आकडा पहिल्या पानावर वेगळा आणि ठळक छापा. ‘सहा लाख’ ऐकून गेलेल्या माणसाला शेवटच्या पानावर सात लाख दिसले की पहिला तडा तिथेच जातो.

गिऱ्हाइकाच्या खिशातून परस्पर जाणारे पैसे

आपल्या बिलात नसलेले, पण काकींना भरावेच लागणारे खर्च वेगळ्या कागदावर द्या, आणि ती खाती त्यांच्याच नावाने उघडा. गूगल प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर, पुढे आयफोनचं ॲप काढलं तर ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. डोमेन, सर्व्हर. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी, साधारण २ टक्के आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजार रुपयांच्या ऑर्डरमागे २३ रुपये ६० पैसे. मसाल्याच्या नफ्यातून ते परवडतात का, हा प्रश्न काकींनी आजच सोडवायला हवा.

एसएमएसचा खर्च तर मराठी दुकानदाराला हमखास फसवतो. इंग्रजी संदेश १६० अक्षरांपर्यंत एक धरतात. देवनागरीत तीच मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. ‘आपला मसाला तयार आहे’ एवढं लिहून खाली दुकानाचा पत्ता टाकला की दोन-तीन एसएमएसचे पैसे लागलेच. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे दुकानाची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि संदेशाच्या मसुद्याची आधी नोंदणी करावी लागते. मसुदा नाकारला गेला की लॉगिनचं काम तिथेच अडतं. वर ओटीपीपुढे ६ लिहिले ते त्यासाठी.

दिवस आणि तारीख

८० माणूस-दिवस, म्हणजे एकाच माणसाने केलं तर लागणारे ८० दिवस, म्हणजे ८० तारखा नव्हेत. दोन माणसं लावली तर ४० कामाचे दिवस, म्हणजे आठ आठवडे. त्यात वाट पाहण्याचे चार आठवडे घाला: काकींनी फोटो देणं, गेटवेची कागदपत्रं, एसएमएसची नोंदणी. प्ले स्टोअरवर वैयक्तिक खातं नव्याने उघडलं असेल तर किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ॲप वापरून तपासल्याशिवाय ते सर्वांसाठी खुलं करता येत नाही. हे दोन आठवडेही त्या चारांतच उरकून घ्यायचे. झाले बारा आठवडे.

आता मागून मोजा. मिरचीचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. १ मार्चला ॲप हवं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू व्हायला हवं, म्हणजे दिवाळीचे कंदील उतरले की निर्णय झाला पाहिजे. जानेवारीच्या शेवटी कोणी "मार्चमध्ये द्या, चार माणसं लावा" म्हणालं तर नको म्हणा. नव्या दोघांना वजनाची घट समजावण्यात जुन्या दोघांचे दिवस जातात. त्यापेक्षा जुलैत द्या. त्या वर्षीचा हंगाम नेहमीसारखा वहीवर जाऊ दे.

कोटेशनचा कागद

यात भावाइतकीच जागा गृहीतकांना द्या. ‘मसाल्यांचे फोटो दुकान देईल.’ ‘भाव दिवसातून एकदाच बदलेल.’ ‘कुटणावळ कच्च्या वजनावर.’ ‘भाषा मराठी आणि इंग्रजी, दोनच.’ ‘जुनी यादी १,५०० नोंदींपर्यंत.’ आणि त्याखाली ‘यात काय नाही’ असा स्वतंत्र परिच्छेद: आयफोनचं ॲप नाही, दुकानातल्या काट्याशी जोडणी नाही, माल कुठवर पोचला ते नकाशावर दाखवणं नाही. हा परिच्छेद लिहिताना संकोच वाटतो, जणू आपण वकील झालो. पण भांडण होतं तेव्हा दोघंही हाच परिच्छेद उघडतात.

उशिराची अट इथेच लिहायची: विचारलेल्या गोष्टीचं उत्तर पाच दिवसांत आलं नाही, तर जेवढे दिवस जास्त गेले तेवढी तारीख पुढे. नवं काम निघालं की त्याचे दिवस आणि पैसे लेखी कळवायचे आणि होकार आल्यावरच हात लावायचा, मग ते दोन तासांचं का असेना. छोटं काम फुकट करायचं असेल तर जरूर करा, पण बिलावर त्याची किंमत लिहून पुढे ‘सवलत’ लिहा.

हप्ते मी असे ठेवतो: सुरुवातीला ३० टक्के, ऑर्डर घेणारा भाग चाचणीला दिला की ३०, ॲप सुरू झालं की २५, आणि महिन्याभराने १५. शेवटचा हप्ता मोठा ठेवू नका. ॲप चालू लागलं की आपली गरज संपते, आणि संपलेल्या गरजेचे पैसे वसूल करायला कुठल्याही मजल्यावर जा, शेठ बाहेरच गेलेले असतात.

कराचा हिशोब हप्त्यांबरोबर बघा. सेवेच्या ॲडव्हान्सवरही जीएसटी लागतो. महिन्याला विवरण भरणाऱ्याने बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरायचाच, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. गिऱ्हाईक टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापत असेल तर तो तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के की व्यावसायिक सेवा म्हणून १०, हे त्यांच्या आणि तुमच्या सीएने आधीच बोलून घ्यावं. सहा लाखांवर फरक ४८,००० चा आहे आणि परतावा मिळेपर्यंत तो तुमच्या खात्यात नसतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली असेल तर तिचा क्रमांक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. त्यानंतर चक्रवाढ व्याज.

वर्षाच्या देखभालीला कामाच्या किमतीच्या १५ ते २० टक्के सांगायची पद्धत आहे. इथे ९०,००० ते १,२०,०००. त्यात काय येतं ते लिहा. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीसाठी ॲप दरवर्षी अद्ययावत करावं लागतं, ते येतं. नवा पडदा येत नाही.

घासाघीस

काकी म्हणणार, "बाळा, साडेचारात कर." मुंबईत भाव न पाडता कोणी भाजीही घेत नाही, त्यामुळे राग मानायचा नाही. रोजचा दर मात्र हलवायचा नाही. कामाचे तुकडे समोर ठेवायचे. "काकी, साडेचारात होईल. टॅलीचा भाग, कुरिअरची जोडणी आणि जुनी यादी आत्ता नको. कुरिअरची पावती यंदा हातानेच करा." हे तीन तुकडे काढून सगळा हिशोब पुन्हा मांडला की ८० दिवसांचे साधारण ६० होतात, आणि ६० गुणिले ७,५०० म्हणजे बरोबर साडेचार लाख. काढलेले तीनही तुकडे फार बेभरवशाचे होते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. टॅलीचे १ आणि ११ पुन्हा बघा.

काही वेळा काकी तरीही दुसरीकडे जातात, दीड लाखवाल्याकडे. जाऊ द्या. दिलेला कागद मात्र त्यांच्याकडे राहू द्या. ‘यात काय नाही’ वाचता वाचता त्यांना दीड लाखवाल्याला विचारायचे प्रश्न आपोआप सुचतील.

वही

काम संपलं की एका संध्याकाळी बसून प्रत्येक तुकड्यापुढे चौथा आकडा लिहायचा: प्रत्यक्षात किती लागले. त्याच्यासाठी रोज संध्याकाळी दोन ओळींची नोंद ठेवावी लागते, आठवणीतून लिहिलं की सगळं अंदाजाच्या जवळच येतं. पाच-सहा कामांनंतर आपल्या सवयी दिसू लागतात. मी पडद्यांचे दिवस जवळपास बरोबर सांगतो, दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरशी जोडायच्या कामात निम्मे सांगतो. हल्ली तसल्या तुकड्याचा तिसरा आकडा लिहून झाला की मी तो सरळ दुप्पट करतो. ओटीपीपुढे माझ्या वहीत चार कामांचे आकडे आहेत: २, ५, ३, ९. नऊचं कारण शेजारी लिहून ठेवलंय, ‘मसुद्यात दुकानाचं नाव मराठीत, नोंदणीत इंग्रजीत’.